बिनदारूचा वाघ

आडवी बाटली निवडून आली त्या वर्षीची ही गोष्ट.

जुन्नरकडच्या मढ गावाच्या वरच्या अंगाला, धरणाचं पाणी संपून जिथं कारवीचं रान सुरू होतं, त्या उतारावर उंबरदरा नावाची वाडी आहे. दिवाळीच्या दिवसांत तिथं सकाळी उभं राहावं तर खाली जग नसतंच. पाण्यावरून उठलेलं धुकं खाचरांत काठोकाठ भरलेलं असतं आणि वाडीची दहा-वीस कौलं त्याच्यावर तरंगत असतात. ऊन वर आलं की ते आटत जातं, तापवलेलं दूध आटावं तसं. मग भाताची कापलेली खुंटं दिसतात, मग बांध, मग गुरं, आणि सगळ्यात शेवटी खालची डांबरी सडक.

त्या सडकेवरच देशी दारूचं दुकान होतं. सरकारचा नियम असा की गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मागितलं तर दुकान बंद. मतपत्रिकेवर दोन चित्रं : एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे उठवा. रुपालीनं वाडीतल्या बायकांना अंगणवाडीत बसवून ती चित्रं फळ्यावर काढून दाखवली, तेव्हा म्हातारी प्रयागबाई म्हणाली, "आडवी कंची न् उभी कंची ते मला नगं शिकवू. माझा दाल्ला जन्मभर आडवाच बघितलाय मी." बायका इतक्या हसल्या की बाहेर गुरं बिथरली.

रुपाली ही त्या वाडीची अंगणवाडीची बाई. माहेर आंबेगावातलं, भीमाशंकरच्या अंगाचं. बारावी सायन्स झाली आणि लग्न करून इकडं आली. शिक्षण तिथंच थांबलं, पण सवय थांबली नाही. मुलांची वजनं घेताना काटा डगमगला तर तो का डगमगला हे शोधल्याशिवाय तिला पुढचं मूल घेववत नसे. सासरच्या पहिल्याच वर्षी तिनं पाहिलं होतं की वाडीतल्या साळुबाईचा डावा हात कोपरातून सरळ होत नाही. का, तर सोमाजीनं, तिच्या नवऱ्यानं, पिऊन येऊन मुसळ घातलं होतं. त्या हातानं साळुबाई भात लावायची, तो हात पाण्यातल्या काठीसारखा वाकडा दिसायचा. रुपालीच्या मनात दारूबंदी शिरली ती त्या हातातून.

बाटली आडवी पडली. दुकानाला कुलूप लागलं. मग बायकांनी मोर्चा वळवला तो ओढ्यातल्या झुंबरबाईच्या भट्टीकडं. झुंबरबाई एकटी बाई. चैत्रात मोहाची फुलं वेचायची, वाळवायची आणि वर्षभर त्यांची दारू गाळायची. मडक्यावर मडकं, वरच्यावर ओलं फडकं, आणि बाजूनं थेंबथेंब धार. बायकांनी मडकी फोडली. आंबलेल्या मोहाचा गोड वास दुपारभर ओढ्यात साचून राहिला. मधमाश्या येऊन त्या ओल्या मातीवर बसल्या आणि उठेनाशा झाल्या. झुंबरबाई दगडावर बसून ते बघत होती. एवढंच म्हणाली, "फोडा. खापरं न्या चुलीला लावाया."

राहिली एक वाट. वाडीच्या मागं डोंगराची बारी, म्हणजे खिंड. ती ओलांडली की पलीकडच्या गावात अजून मिळत होती. सोमाजी आणि त्याच्यासारखे रोज सकाळी बारी चढून जात. बायकांनी ठरवलं, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बारीवरच ठाण मांडून बसायचं. दिवाळीची मजुरी हातात येते ती नेमकी त्याच दिवशी.

आता रुपालीच्या घरचं सांगायला पाहिजे. तिच्या घरात दारू होती, पण दारुडा नव्हता. निदान असं घरातलं सगळ्यांचं म्हणणं होतं. सासरा सावळेराम सकाळी उठला की पितळी फुलपात्रभर मोहाची घ्यायचा, दुपारी तेवढीच, संध्याकाळी थोडी जास्त. कधी झोकांडी नाही, कधी शिवी नाही. उलट घोट पोटात गेला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. अंगणवाडीची पोरं त्याच्याभोवती जमायची आणि तो त्यांना सांगायचा की धरणाच्या तळाशी अजून एक गाव आहे, तिथं मासे दळण दळतात. दुसऱ्याची दारू जशी दिसते तशी घरची दिसत नाही. शिवाय सावळेराम होता वाघोबाचा भगत. वाघोबा म्हणजे वाडीच्या वर उंबराखाली उभा असलेला शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ. दरवर्षी वाघबारशीला, दिवाळी तोंडावर आली की, सगळी वाडी तिथं खीर घेऊन जमायची. सावळेराम दगडावर मोहाची धार धरायचा, उरलेली आपण प्यायचा, पितळी थाळी वाजायला लागायची, आणि त्याच्या अंगात वाघोबाचं वारं यायचं. लोक विचारायचे, वाघ उत्तर द्यायचा. थाळी थांबली की वारं उतरायचं. अशा माणसाला दारुडा कोण म्हणेल?

मडकी फुटली त्या संध्याकाळी रुपाली त्याच्यापाशी जाऊन बसली.

"मामा, बाया म्हनत्यात, यंदा वाघोबाला दूध चढवायचं."

"वाघाला इचारलं का?"

"तुमीच इचारा."

"इचारतो," सावळेराम हसला. "न्हाईतरी मला तरी कोन देतंय आता? म्हातारपणी बारी चढून जाऊ व्हय प्यायला? दूध तर दूध."

इतक्या सहज त्यानं सोडली की रुपालीला वाटलं, माणसं उगाच घाबरतात. सोडायची म्हटली की सुटते.

तीन दिवसांनी वाघबारस उजाडली, तोवर म्हाताऱ्याच्या हाताला कंप सुटला होता. बशीतला चहा बशीतच खळखळायचा. झोप नव्हती, ओट्यावर घोंगडी पांघरून तो धुक्याकडं बघत बसायचा. विचारलं तर म्हणायचा, थंडी लागतीया. रुपालीनं आल्याचा काढा दिला. थंडी खरोखरच पडली होती, त्यामुळं कारण शोधायची तिची सवय त्या कारणापाशी समाधानानं थांबली.

वाघबारशीच्या दिवशी धुकं दिवसभर हललंच नाही. गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, गुरं दिसायची नाहीत. दिवस कलायच्या आत वाडी उंबराखाली जमली. बायकांनी खिरीची पातेली आणली होती. पुरुष जरा लांब, हात काखेत घालून उभे. तोंडावर असा भाव की बघू, दुधावर वाघ येतो का. झुंबरबाईही आली होती, पण सगळ्यांपासून अलग बसली.

रुपालीनं तांब्यातलं दूध सावळेरामाच्या हातात दिलं. त्यानं धार धरली. हात इतका हलत होता की दूध दगडावर कमी आणि पायावर जास्त पडलं. आणि थाळी वाजायच्या आतच म्हाताऱ्याचं सगळं अंग थरथरायला लागलं.

प्रयागबाईनं हात जोडले. "आला गं बया. थाळी न्हाई, काय न्हाई, तरी आला."

"बिनदारूचा वाघ," कुणीतरी मागून म्हणालं, आणि लांब उभ्या पुरुषांनीही काखेतले हात काढून जोडले.

रुपालीच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर तो भक्तीचा कमी आणि आनंदाचा जास्त होता. कालपर्यंत लोक म्हणत होते, देवालाच लागते तर माणसाला का नको. आज देवानंच त्याला उत्तर दिलं होतं. तिनं साळुबाईकडं पाहिलं. साळुबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

थाळी वाजायला लागली आणि लोक विचारायला लागले. पहिल्यांदा प्रयागबाईनं विचारलं, औंदा रोगराई येईल का. सावळेराम तिच्याकडं नाही, तिच्या खांद्यापलीकडं बघत होता. "पाणी उभं राहिलंय," तो म्हणाला. "खाचरातलं पाणी भिंतीवानी उभं हाय. त्यातनं बाया येत्यात. डोक्यावर पाट्या. पाट्यांत दिवं लावल्यात." बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. असं सुंदर वाघ कधी बोलला नव्हता. दरवर्षी तो दोन-चार शब्दांत सांगायचा : नारळ द्या, पोरगी उजवा, वाट बदला. "बारकी बारकी वाघरं," सावळेराम पुढं म्हणाला, "मुंग्यांएवढी. तुझ्या लुगड्यावर चढत्यात, बघ." आणि प्रयागबाईच्या पदरावरून तो काहीतरी वेचायला लागला. चिमटीत धरायचा, बघायचा, हळूच खाली सोडायचा. मग आपल्या बाहीवरून वेचायला लागला. प्रयागबाई धन्य होऊन स्तब्ध उभी होती. उंबराच्या पानांतून धुकं गळत होतं आणि सगळी वाडी श्वास धरून त्या अदृश्य वाघांकडं बघत होती.

रुपालीही बघत होती, पण तिला आता बोटं दिसत होती. वारं आलं की मामांचे डोळे मिटलेले असत. आज ते ताणलेले होते आणि कशावर ठरत नव्हते. वाऱ्यात अंग तापतं, असं तेच सांगत. ती पुढं झाली, पाया पडायच्या निमित्तानं तिनं त्यांचं मनगट धरलं. घामानं ओलं, गार. नाडी बोटाखाली अशी पळत होती की एक ठोका दुसऱ्याला तुडवत होता.

"मामा," ती म्हणाली. "मी रुपाली."

"तुमी कोन पावणं?" सावळेराम म्हणाला. "घर बंद करा. पाणी येतंय."

हा आवाज देवाचा नव्हता. भ्यालेल्या माणसाचा होता.

तेव्हा तिला जुन्नरचं प्रशिक्षण आठवलं. पोलिओचे डोस, टोचणीच्या तारखा असं सगळं चाललं असताना एक डॉक्टरीणबाई ओघात बोलून गेल्या होत्या : रोज पिणाऱ्याची एकाएकी तोडू नका, दवाखान्यात आणा, हात कापतात, भास होतात, आकडी येते, माणूस जातोसुद्धा. रुपालीनं ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्यात तिच्या उपयोगाचं काही नव्हतं. तिच्या घरात दारुडा नव्हता.

थाळी थांबवली गेली. वारं उतरलं नाही. डोळ्यांना नारळाचं पाणी लावलं, तरी उतरलं नाही. सावळेराम उठला आणि कड्याच्या बाजूला पळायला लागला. पुरुषांनी धावत जाऊन धरलं तर तो त्यांच्या हातांत लहान मुलासारखा कळवळला.

"देव उतरंना," सोमाजी म्हणाला. मघापासून तो गप्प होता, आता त्याच्या आवाजात जोर आला होता. "कसा उतरंल? दुधानं फसवलं त्याला. त्याची त्याला द्या म्हंजी जाईल."

"व्हय व्हय," दोघं-तिघं म्हणाले. "देवाचं अडवाया न्हाई पायजे."

सगळ्यांच्या नजरा झुंबरबाईकडं गेल्या. ती बसल्या जागी पानाला चुना लावत होती.

"माझ्याकडं काय बघता? मडकी फोडली की तुमी."

रुपाली तिच्यासमोर जाऊन बसली. नवऱ्याची जीप खालून वर यायला वेळ होता आणि जुन्नर त्याहून लांब होतं. तेवढ्यात आकडी आली तर? "झुंबरमावशी, एखादी बाटली असंल. थोडी."

"असंल. लेकीच्या बाळंतपणाला चोळाया ठिवली व्हती. पहिल्या धारेची." झुंबरबाईनं पान मुडपलं. "पर मी देवासाठी देईन. तुमच्या लेखी माझी दारू म्हंजी विष. विष प्यायला देणार न्हाई मी कुणाला. सांग, कुणासाठी मागतीस?"

कुठंतरी धुक्यात एक घंटा वाजली आणि थांबली.

रुपालीला दोन्ही वाटा तळापर्यंत दिसल्या. देवासाठी म्हणावं, तर बाटली आत्ता मिळते, सावळेरामाचा मान राहतो, आणि उद्यापासून प्रत्येक घरात देव मागायला लागतो. लक्ष्मीपूजनाला बारीवर बसायला कुणी उरत नाही. माणसासाठी म्हणावं, तर ज्याच्या तोंडून या वाडीनं तीस-चाळीस वर्षं वाघ ऐकला, तो एका शब्दात दारुडा होतो. आणि वर झुंबरबाई बाटली देईल याची खात्री नाही. पुरुषांच्या हातांत म्हातारा हुंदके देत होता. पाणी येतंय, पाणी येतंय, एवढंच.

"माणसासाठी," रुपाली म्हणाली. "आजारी माणसासाठी. रोजची तुटलीया म्हनून त्यांना असं व्हतंय. देव न्हाई आला आज."

तिनं हे मोठ्यानं सांगितलं, मागच्यांनाही ऐकू जाईल असं.

"म्हंजी?" सोमाजी म्हणाला. "इतकी वर्सं वाघ न्हवताच व्हय? सावळेरामदादा पिऊन बोलत व्हता?"

"इतक्या वर्सांचं मला ठावं न्हाई. आज न्हाई, एवढंच ठावं हाय."

प्रयागबाईनं आपल्या पदराकडं पाहिलं, जिथून मघाशी वाघ वेचले गेले होते, आणि तो झटकला. फार हळू झटकला. साळुबाईनं तोंड फिरवलं. रुपालीला वाटलं, उंबराखालची सगळी माणसं एक-एक पाऊल मागं सरकून धुक्यात जाताहेत आणि ती आणि म्हातारा दोघंच उरलेत.

झुंबरबाई उठली आणि घराकडं गेली. ती येते की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आली तेव्हा तिच्या हातात काचेची बाटली होती. ती तिनं रुपालीच्या ओंजळीत ठेवली.

"तूच पाज. मी पाजली तर उद्या माझ्याच नावानं पोलीस आणशील."

रुपालीनं सासऱ्याला उंबराला टेकवून ताठ बसवलं. बाटलीच्या बुचानं मोजून एक घोट दिला. गिळला याची खात्री केली. थांबली. दुसरा दिला. जिनं गावाची बाटली आडवी केली तिनं बाटली उभी धरून सगळ्या वाडीसमोर सासऱ्याला दारू पाजली. एका बाईनं पोरांचे डोळे झाकले. थोड्या वेळानं सावळेरामाचं वेचणं मंदावलं. मुंग्यांएवढे वाघ कुठंतरी उतरून गेले असावेत. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "लई थंडी हाय गं," आणि तिचा हात धरून राहिला.

नवरा रामनाथ मढ-जुन्नर जीप चालवायचा. स्टँडवर निरोप गेला तो बापाच्या आजाराचा आणि बायकोच्या शब्दांचा, दोन्हींचा एकदमच. जीप आली, म्हाताऱ्याला मागं निजवलं, निघाले. धुक्यात दिव्यांचा उजेड पुढं जातच नव्हता, काचेपाशीच पिवळा होऊन थांबत होता. वाटेत डिंगोरे गाव मागं पडल्यावर रामनाथ पहिल्यांदा बोलला.

"बापाला बेवडा म्हनलीस."

"आजारी म्हनले."

"लोकांनी काय ऐकलं?"

लोकांनी काय ऐकलं ते रुपालीनंही पाहिलं होतं.

"देवाचं म्हनली असतीस तरी बाटली मिळाली असती," रामनाथ म्हणाला. "आन् म्हातारा बी जगला असता."

"म्हातारा जगला असता," ती म्हणाली. "पर उद्यापासनं घरोघरी देव मागाया लागला असता." आणि मागं वळून ती म्हाताऱ्याच्या श्वासाकडं कान लावून बसली.

जुन्नरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं सुई दिली, सलाईन लावलं. रुपालीनं त्याला विचारलं, नुसती बंद केल्यानं इतकं का होतं? तो दमलेला होता, तरी तिचा प्रश्न त्याला आवडला असावा. म्हणाला, "चढावर बैल ओढत असतो ना, जीव तोडून? तेव्हा एकदम जू काढलं तर काय होईल?"

"तोंडावर पडंल."

"दारू शरीराला मागं ओढते, शरीर पुढं रेटत राहतं. वर्षानुवर्षं. ओढ गेली तरी रेटणं लगेच थांबत नाही. ओझं हळूहळू उतरवायचं असतं, औषधाच्या आधारानं."

बारावीच्या बाकावर बसल्यासारखं रुपालीला ते लख्ख कळलं. दुकान बंद झाल्यावर तिनं पेढे वाटले होते. कुणाचं जू कधी निघणार, हे तिनं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावळेरामाची नजर ठरली. खिडकीतून शिवनेरीचा एक कोपरा दिसत होता, ढगात अर्धा बुडालेला. तो बराच वेळ तिकडं बघत राहिला.

"रुपा, वाघ गेला का?"

तिनं मनाशी घोकून ठेवलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं. दूध, थरथर, मुंग्या, झुंबरबाईचा प्रश्न, आपलं उत्तर.

"समद्यांदेखत सांगितलंस?"

"व्हय."

"चांगलं केलं न्हाईस."

म्हातारा पुन्हा खिडकीकडं वळला. वॉर्डात कुणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास येत होता.

"मला बाया दिसल्या व्हत्या," तो म्हणाला. "पाण्यातनं येताना. दिवं घेऊन. ते बी दारूचंच म्हनायचं?"

"दारू तुटल्याचं, मामा."

"वाघोबा बोलतो तवा मला काय दिसत न्हाई. समदं काळं असतं. हे दिसलं. लई चांगलं दिसलं. पर भ्या वाटत व्हतं. मी एकलाच व्हतो गं तिथं. तुमी समदी हात जोडून उभी, आन् मी एकलाच."

रुपालीनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"लक्ष्मीपूजनाला तुमी बारीवर बसणार ना?"

"ठरलंय."

"सोमाजीला सकाळी इडी पेटवता येत न्हाई. बघितलंस का कधी? बारी चढून, पिऊन आला की मग येती. तुमी बारी अडवली की त्याच्या अंगात बी येणार हे. त्याला तर कोन हात बी जोडणार न्हाई. घरात कडी लावून ठिवतील." सावळेरामानं डोळे मिटले. "जा तू. रामनाथ हाय हितं."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बारीत धुकं वाऱ्याबरोबर या बाजूनं त्या बाजूला वाहत होतं. खडकांच्या मधून वाट होती आणि वाटेवर बायका बसल्या होत्या, घोंगड्या पांघरून. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, रात्रीत दगड वाढले. रुपालीला भीती होती की कुणी येणार नाही. ठरल्या होत्या त्याहून कमी होत्या, पण होत्या. प्रयागबाई आली नव्हती. साळुबाई आली होती, पण रुपालीशी बोलत नव्हती.

रुपालीनं सगळ्यांना सांगितलं : ज्याचे हात कापत असतील त्याला नुसतं मागं फिरवायचं नाही. त्याला खाली जीपपाशी न्यायचं, तिथून दवाखान्यात. रामनाथनं ओळखीच्या जीपवाल्याला पाठवलं आहे, त्याची जीप उभी आहे. डॉक्टरशी बोलणं झालं आहे.

"म्हंजी आता त्यास्नी पलंगावर निजवायचं," साळुबाई म्हणाली. ती कुणाकडं बघत नव्हती. "वर सलाईन लावायचं. आन् आमी घरचं दिवं लावायचं सोडून त्यांच्या उशाला बसायचं. त्यापरीस बाटली उभी व्हती ते काय वाईट व्हतं? निदान सकाळी बाहेर तरी जात व्हता."

"बाटली आडवीच राहणार, साळूताई."

"मग थरथरू दे त्याला. मी थरथरत व्हते तवा कोन जीप घेऊन आलं व्हतं?"

"कुनी आलं न्हाई," रुपाली म्हणाली. "यायला पायजे व्हतं."

धुक्यातून पावलं वाजली. आधी काठी दिसली, मग मुंडासं, मग सोमाजी. बायका बघून तो थबकला. इकडून, तिकडून वाट शोधली, नव्हती. मग जणू काही विसावा घ्यायलाच आला होता असा तो एका दगडावर टेकला आणि खिशातून विडी काढली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. ज्योत पेटायची, पण विडीच्या तोंडापर्यंत पोचायची नाही, वाटेतच कुठंतरी हेलकावत राहायची आणि वारा तिला न्यायचा. सगळ्या बायका बघत होत्या. त्यानं एकदा वर पाहिलं. उंबराखाली वाघासाठी भांडणारा सोमाजी हा नव्हता. पुढं काय येणार आहे हे त्यानं सावळेरामाला धरून ठेवताना स्वतःच्या हातांत अनुभवलं होतं.

पुष्कळ काड्या वाया गेल्या. शेवटी साळुबाई उठली. घोंगडी खांद्यावर टाकली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आपल्या वाकड्या हातानं त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली.

"उठा. खाली जीप हाय."

सोमाजीनं रिकाम्या हातांकडं पाहिलं. ते मांडीवर ठेवले तरी हलत होते.

"तू येशील?" त्यानं विचारलं.

"दवाखान्याच्या दारापत्तर," साळुबाई म्हणाली. "आत तुमचं तुमी जायचं."

ती पुढं निघाली. तो काठी टेकत मागून गेला. वळणापाशी दोघं धुक्यात शिरली, आणि रुपाली वाटेवर बसून राहिली, पुढच्या पावलांचा आवाज ऐकत.